जेर्डनच्या धाविकाचा शोध : दिवसाचे निरीक्षक आणि रात्रीचा पक्षी

आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात पेन्ना नदीच्या खोऱ्यालगत लंकमल्ला नावाची डोंगररांग आहे. तिच्या पायथ्याचे रान उंच वृक्षांचे नाही. बाभूळवर्गीय काटेरी झाडे, बोरी आणि करवंदीच्या जातीची झुडपे यांची तेथे विरळ वाढ असून मधल्या मोकळ्या जागी खडकाळ, तांबूस जमीन उघडी पडलेली असते. वनशास्त्रात या प्रकाराला उष्णकटिबंधीय काटेरी वन किंवा झुडपी जंगल म्हणतात. पाऊस कमी, उन्हाळा कडक आणि माती उथळ अशा प्रदेशात ते वाढते, आणि पूर्व घाटाच्या कोरड्या उतारांवर तेच प्रमुख वन आहे. या रानाच्या जमिनीवर वावरणारा आणि आज जगात अन्यत्र कोठेही आढळत असल्याचे ज्ञात नसलेला जेर्डनचा धाविक हा पक्षी 1848 साली शास्त्राला ठाऊक झाला, विसाव्या शतकाच्या आरंभी दिसेनासा झाला, 1986 मध्ये पुन्हा हाती आला आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांत पुन्हा बेपत्ता झाला. या चढउताराचा इतिहास पक्ष्याइतकाच त्याला शोधण्याच्या पद्धतींचाही आहे, कारण शोधणाऱ्यांनी आपली वेळ आणि साधने बदलली तेव्हाच हा पक्षी सापडला आणि त्यांनी ती बदलली नाहीत तोवर तो नष्ट झाल्याचे समजले गेले.

धाविक म्हणजे जमिनीवर धावणारे, लांब पायांचे पक्षी. त्यांपैकी भारतीय धाविक महाराष्ट्रातील माळरानांवर दिवसाउजेडी, उघड्यावर दिसतो आणि पठारी भागातील पक्षीनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. जेर्डनचा धाविक त्याचा नातलग असला तरी वागणुकीने फार वेगळा आहे. त्याची लांबी सुमारे 27 सेंटिमीटर असते. डोक्याचा माथा गडद तपकिरी, डोळ्यावर रुंद पांढरी भुवई, गळ्यावर तांबूस-नारिंगी ठिपका, आणि छातीवर एकाखाली एक असे दोन तपकिरी पट्टे, ज्यांच्यामध्ये पांढऱ्या रंगाची जागा असते. चोच आखूड असून बुडाशी पिवळी व टोकाला काळी असते. शरीराच्या मानाने डोळे मोठे असतात, आणि तो निशाचर, म्हणजे रात्री चरणारा, असल्याची हीच सर्वांत उघड खूण आहे. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे मुख्य अन्न असल्याचे विष्ठेच्या तपासणीवरून समजले आहे. त्याच्या प्रजातीतील (‘जीनस’मधील) बाकीच्या जाती आफ्रिकेत राहतात आणि आशियात हा एकटाच आहे, त्यामुळे भारतीय द्वीपकल्प व आफ्रिका यांच्यातील प्राणिसृष्टीच्या जुन्या नात्याचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचे महत्त्व त्याच्या अल्प संख्येपलीकडेही वाटत आले आहे.

टॉमस कॅव्हरहिल जेर्डन (1811–1872) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करातील शल्यवैद्य. 1836 मध्ये तो मद्रासला आला आणि नोकरीच्या निमित्ताने जेथे जेथे गेला तेथील पक्षी, सस्तन प्राणी, मासे, मुंग्या यांच्या नोंदी करत राहिला. 1862 ते 1864 या काळात प्रसिद्ध झालेला त्याचा भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथ पुढील कित्येक दशके या विषयाचा पाया मानला गेला. नेल्लोर येथे नागरी शल्यवैद्य असताना रानात वावरणाऱ्या यानादी जमातीच्या लोकांशी त्याचा संबंध आला, आणि त्याच्या लेखनात पक्ष्यांची तेलुगू व तमिळ नावे नेमाने नोंदलेली दिसतात, यावरून स्थानिक माहितगारांवर त्याचा किती भर होता हे समजते. नेल्लोर-कडप्पा भागातून मिळालेल्या या धाविकाचे शास्त्रीय वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने 1848 मध्ये केले आणि छातीवरील दोन पट्ट्यांवरून त्याला ‘बायटॉर्क्वेटस’ असे नाव दिले. हा पक्षी खडकाळ, चढउताराच्या जमिनीवरील विरळ जंगलात लहान थव्यांनी राहतो आणि अधूनमधून करुण आवाज काढतो, असे जेर्डनने लिहून ठेवले. अधिवासाचे हे वर्णन आजही जसेच्या तसे मान्य होण्यासारखे आहे. त्यात उणीव आहे ती एकच, आणि तीच पुढे फार महागात पडली: हा पक्षी रात्री हिंडतो, हे जेर्डनने कोठेही सांगितलेले नाही.

ही उणीव समजून घ्यायची तर त्या काळी पक्षी ‘पाहणे’ म्हणजे काय होते याचा विचार करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात पक्षीशास्त्राचा मुख्य पुरावा म्हणजे नमुना, म्हणजे मारलेल्या पक्ष्याचे कातडे सोलून, आत कापूस भरून, पायाला ठिकाण व तारखेची चिठ्ठी बांधून ठेवलेला संग्रहालयातील जिन्नस. नमुना हाती आला की रंग, मापे, चोचीची घडण यांचे बारकाईने वर्णन होई. तो पक्षी कोणत्या प्रहरी, कोणत्या युक्तीने, कोणी पकडला हे चिठ्ठीवर क्वचितच लिहिले जाई. पक्षी आणणारे शिकारी आणि फासेकरी बहुधा स्थानिक असत, आणि पक्ष्याच्या दिनक्रमाचे ज्ञान त्यांच्यापाशीच राहून जाई. जेर्डनच्या धाविकाचे नमुने कलकत्ता व लंडनपर्यंत पोहोचले, परंतु त्याच्या सवयींची माहिती नेल्लोरच्या रानातून बाहेर पडली नाही.

त्यानंतरच्या नोंदी थोड्या आणि विखुरलेल्या आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हा गोदावरी खोऱ्यातील खडकांचा अभ्यास करत असताना त्याला हा पक्षी भद्राचलम आणि सिरोंचा या दोन ठिकाणांच्या परिसरात मिळाला. सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका आहे, तेव्हा महाराष्ट्राच्या सध्याच्या हद्दीतील या पक्ष्याची नोंद एका भूवैज्ञानिकाने केलेली आहे, ही बाब महाराष्ट्राच्या निसर्गेतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. 1900 साली हॉवर्ड कॅम्पबेल याला अनंतपूरजवळ हा धाविक दिसला आणि पुढील 86 वर्षे पक्षीशास्त्राच्या नोंदवहीत ती अखेरची नोंद राहिली.

या मधल्या काळात शोध झालाच नाही असे नाही. 1929 नंतर आर्थर व्हर्ने याच्या अर्थसाहाय्याने आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहभागाने पूर्व घाटाचे मोठे पक्षी सर्वेक्षण झाले. संग्राहक गावोगावी तळ ठोकून राहिले, हजारोंनी नमुने जमले, परंतु त्यांत जेर्डनचा धाविक नव्हता. पुढे डॉ. सालिम अली यांच्यासारख्या जाणकारांनीही त्याचा माग काढण्याचे प्रयत्न केले आणि ते निष्फळ ठरले. रानात पहाटे शिरणे, सकाळी नऊ-दहापर्यंत निरीक्षण करणे, दुपारी नमुने तयार करणे आणि संध्याकाळी तळावर परतणे, हा त्या काळच्या क्षेत्रकार्याचा ठरलेला दिनक्रम होता. बहुतेक पक्ष्यांसाठी तो उत्तम आहे, कारण बहुतेक पक्षी सकाळीच बोलतात आणि चरतात. दिवसभर झुडपाच्या सावलीत निश्चल बसणाऱ्या, मातीच्या रंगाच्या पक्ष्यासाठी मात्र तो पूर्णपणे निरुपयोगी होता. सर्वेक्षकांनी योग्य प्रदेश निवडला, योग्य रानही निवडले, केवळ वेळ चुकीची निवडली, आणि पक्षी न दिसण्याचा अर्थ पक्षी नसणे असा लावला गेला.

याच चुकीचे उलटे रूप महाराष्ट्राला परिचित आहे. रानपिंगळा, म्हणजे सातपुड्याच्या जंगलातील ठेंगणे घुबड, 1884 नंतर 113 वर्षे कोणालाही खात्रीने दिसले नव्हते. 1970च्या दशकात सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी त्याचा शोध घेतला, पण त्यांना वाट दाखवणारी एक नोंद मुळातच खोटी होती: रिचर्ड माइनर्ट्झहेगन याने दुसऱ्याने गोळा केलेल्या नमुन्यावर गुजरातमधील मांडवीची बनावट चिठ्ठी लावली होती. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो दिवसाउजेडी फांदीवर बसलेला आढळला, आणि पुढील अभ्यासातून हे घुबड बरेचसे दिवसाच वावरते हे स्पष्ट झाले. घुबड म्हणून ज्याला काळोखात शोधावे असे वाटे ते दिवसा सापडले, आणि धाविक म्हणून ज्याला दिवसा शोधले गेले तो रात्री सापडला. संग्रहालयातील नमुना पक्ष्याचे रूप जपतो, त्याचा प्रहर जपत नाही, हे या दोन उदाहरणांइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

1985 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने संकटग्रस्त पक्ष्यांच्या अभ्यासाच्या प्रकल्पात या धाविकाचा शोध पुन्हा हाती घेतला, आणि ते काम भरत भूषण या तरुण पक्षीशास्त्रज्ञाकडे आले. त्यांनी केलेला महत्त्वाचा बदल असा की केवळ स्वतः रानात हिंडण्यावर न थांबता त्यांनी कडप्पा भागातील गावकऱ्यांना, गुराख्यांना आणि पक्षी धरणाऱ्यांना पक्ष्याचे चित्र दाखवून विचारपूस सुरू केली. काहींनी हा पक्षी ओळखला. त्याला तेलुगूत नावही होते, ‘कलिवि कोडी’, म्हणजे कलिवि नावाच्या करवंदीच्या जातीच्या झुडपांत राहणारी कोंबडी. ज्या पक्ष्याला शास्त्रज्ञ नामशेष समजत होते त्याला एक चालू नाव असावे, हाच तो जिवंत असल्याचा पहिला पुरावा म्हणता येईल. जानेवारी 1986 मध्ये सिद्धवटम परिसरातील रेड्डीपल्लीजवळ ऐतण्णा या स्थानिक शिकाऱ्याला रात्रीच्या वेळी विजेरीच्या झोतात एक पक्षी दिसला, प्रकाशाने दिपून तो जागीच थांबला आणि ऐतण्णा यांनी तो हाताने धरला. तोच जेर्डनचा धाविक होता. पक्षी बंदिवासात जगला नाही, परंतु त्यामुळे ओळखीबद्दल कोणतीही शंका उरली नाही, आणि त्यानंतर रात्री विजेरी घेऊन केलेल्या पाहणीत आसपास जिवंत पक्षीही दिसले. सालिम अली यांचे निधन जून 1987 मध्ये झाले. त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी त्यांना ही वार्ता कळू शकली.

या घटनेला सामान्यतः ‘पुनर्शोध’ म्हटले जाते, आणि भूषण यांच्या चिकाटीचे श्रेय त्यांना पूर्णपणे मिळायलाच हवे. तरीही या श्रेयाची वाटणी नीट व्हायची तर हे मान्य करावे लागेल की या पक्ष्याला रात्रीचा पक्षी म्हणून ओळखणारी माणसे त्या सर्व 86 वर्षांत रेड्डीपल्लीच्या आसपास होतीच. विजेरीच्या झोतात पक्षी किंवा ससा दिपवून धरण्याची युक्ती शिकाऱ्यांची होती, पोटासाठी वापरलेली होती आणि नैतिकदृष्ट्या शास्त्रज्ञांना अवघड वाटावी अशीही होती. पण कोणत्याही सर्वेक्षणाच्या आराखड्यापेक्षा ती या पक्ष्याच्या स्वभावाला अधिक जुळणारी होती. शास्त्राने येथे स्वीकारली ती शिकाऱ्याची वेळ आणि त्याचे साधन.

पुनर्शोधाचे परिणाम जलद झाले. 1988 मध्ये लंकमल्लाचे सुमारे 464 चौरस किलोमीटर क्षेत्र श्री लंकमल्लेश्वर वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याच वर्षी भारतीय टपाल खात्याने या पक्ष्याचे चित्र असलेले तिकीट काढले. झुडपी रानातील एका जमिनीवरच्या पक्ष्यासाठी अभयारण्य व्हावे, हे वाघ-हत्तींभोवती फिरणाऱ्या वननीतीत सहज घडणारे नव्हते. अडचण मात्र जवळच होती. कृष्णेचे पाणी मद्रास शहराला पिण्यासाठी द्यायचे म्हणून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी 1976 मध्ये प्रत्येकी 5 अब्ज घनफूट पाणी सोडण्याचे मान्य केले होते, आणि ते वाहून नेणाऱ्या तेलुगू गंगा प्रकल्पाचा कालवा याच प्रदेशातून जाणार होता. कालव्याची मूळ आखणी धाविकाच्या रानावरून जात असल्याने ती बदलण्यात आली. महाराष्ट्राच्या वाट्याचे पाणी ज्या वाटेने मद्रासकडे जाणार होते, त्या वाटेवर हे एवढेसे झुडपी रान आडवे होते, आणि त्या वेळी तरी रानाचे म्हणणे ऐकले गेले.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता: पक्षी आहेत हे कळले, पण ते किती आहेत आणि नेमके कोठे आहेत हे कसे ठरवायचे? विजेरीच्या झोतात पक्षी दिसण्याची शक्यता फार कमी. काटेरी झुडपांत रात्री चालणे कठीण. आणि कित्येक रात्री हिंडूनही काही न दिसल्यास त्या जागी पक्षी नाही असे म्हणण्याचा अधिकार संशोधकाला मिळत नाही. पी. जेगनाथन, रीस ग्रीन, आसद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय शोधला, तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत बुद्धिमान टप्पा आहे. त्यांनी झुडपांमधील मोकळ्या वाटांवर बारीक, मऊ मातीच्या काही मीटर लांबीच्या पट्ट्या अंथरल्या, संध्याकाळी त्या सपाट करून ठेवल्या आणि सकाळी त्यांवर उमटलेल्या पाऊलखुणा वाचल्या. पट्टीचे काम रात्रभर चाले आणि संशोधकाला काळोखात हजर राहावे लागत नसे.

पाऊलखुणा वाचणे वाटते तितके सोपे नव्हते. धाविकाच्या पायाला मागचे बोट नसते. त्यामुळे त्याचा ठसा तीन बोटांचा उमटतो आणि तितर-लाव्यांच्या ठशांपासून तो पटकन वेगळा करता येतो. पण त्याच रानात करवानक हा दुसरा निशाचर पक्षी राहतो, त्यालाही तीनच बोटे असतात, आणि भारतीय धाविकाचा ठसाही तीन बोटांचाच असतो. म्हणून संशोधकांना बोटांची लांबी व ठशाची रुंदी बारकाईने मोजून प्रत्येक जातीची मापे वेगळी ठरवावी लागली. ओळख पक्की करण्यासाठी काही पट्ट्यांशेजारी हालचाल होताच आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवण्यात आले, आणि ठसा व छायाचित्र यांची सांगड घातली गेली. 2002 मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध झाले. मातीवर उमटलेले पाऊल पाहून जनावर ओळखणे ही गुराख्याची आणि शिकाऱ्याची रोजची विद्या आहे. तिला मोजमाप आणि नमुनानिवडीचे नियम लावले की ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरते, हे या कामाने दाखवून दिले.

दुसरे साधन कानाचे होते. जेर्डनने उल्लेखलेल्या आवाजाचे ध्वनिमुद्रण प्रथम या शतकाच्या सुरुवातीला झाले. ही हाक दोन तुटक स्वरांची असून सेकंदाला साधारण एक या गतीने काही वेळा लागोपाठ येते. सूर्यास्तानंतर पाऊण तास ते तासाभराच्या सुमारास, पुरता काळोख दाटत असताना, पक्षी काही मिनिटे बोलतात, एकाला दुसरा उत्तर देतो, आणि मग बहुतेक रात्र शांततेत जाते. ऐकणाऱ्याला मिळणारा अवधी एवढाच. ध्वनिमुद्रित हाक वाजवून उत्तराची वाट पाहण्याची पद्धत त्यामुळे शक्य झाली, आणि एका संध्याकाळी पुष्कळ मोठा भाग तपासता येऊ लागला. या पद्धतीत संयम लागतो, कारण हाक वारंवार वाजवल्यास पक्षी अस्वस्थ होतात किंवा उत्तर देणे सोडून देतात.

पाऊलपट्ट्यांच्या नोंदी आणि झुडपांची मोजणी एकत्र केल्यावर 2004 मध्ये जे निष्कर्ष हाती आले त्यांनी संरक्षणाच्या रूढ कल्पनेलाच प्रश्न विचारला. दोन मीटरपेक्षा उंच झुडपांची संख्या हेक्टरी 300 ते 700 आणि त्याहून लहान झुडपांची संख्या हेक्टरी 1,000 पेक्षा कमी असेल तेथे धाविक आढळण्याची शक्यता सर्वाधिक होती. म्हणजे रान फार दाट झाले तर त्याला चालत नाही आणि फार उघडे पडले तरीही चालत नाही. अशी मध्यम स्थिती लंकमल्लाच्या पायथ्याशी टिकून होती, ती बऱ्याच अंशी तेथील गुरे-शेळ्यांच्या चराईमुळे आणि गावकऱ्यांच्या सरपणतोडीमुळे. चराई बेसुमार वाढली तर झुडपे नष्ट होतात, आणि पूर्ण थांबवली तर ती दाटतात. तेव्हा कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवणे हा या पक्ष्याच्या बाबतीत नेमका उपाय नाही. अभयारण्याच्या व्यवस्थापनात चराई हा गुन्हा न मानता मोजून वापरायचे साधन मानण्याची गरज या अभ्यासातून पुढे आली, आणि ती मागणी पूर्णपणे रास्त होती.

खरा घाला मात्र चराईचा नव्हता. उपग्रहचित्रांच्या तुलनेवरून असे दिसले की 1991 ते 2000 या काळात कडप्पा व नेल्लोरच्या संबंधित भागातील झुडपी जंगल सुमारे 11 ते 15 टक्क्यांनी घटले आणि त्या जागी प्रामुख्याने शेती आली. याच्या मागे शासकीय दप्तराची एक जुनी सवय आहे. ज्या जमिनीवर पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही, तिला ‘पडीक’ म्हणण्याची रीत वसाहतकालीन महसूल व्यवस्थेने रुजवली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहांतही झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक वर्ग म्हणून दाखवला गेला. पडीक म्हटले की ती सुधारणे हे पुण्यकर्म ठरते. मग तेथे फळबाग येते, कालवा येतो, किंवा वनीकरणाच्या नावाखाली झुडपे उपटून एकसुरी रोपवन लावले जाते. जेर्डनच्या धाविकाचे सगळे ज्ञात जग अशा जमिनीवर आहे.

2005 मध्ये तेलुगू गंगा कालव्याचे खोदकाम अभयारण्याच्या क्षेत्रातच, धाविकाच्या पाऊलखुणा सापडलेल्या जागांजवळ सुरू झाल्याचे संशोधकांच्या लक्षात आले. त्यांनी नकाशे आणि नोंदी पुढे केल्या, काम थांबवण्यात आले आणि कालव्याची वाट पुन्हा बदलावी लागली. पाऊलपट्ट्यांचे काम आधी झालेले नसते तर त्या जागी पक्षी आहे हे सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग नव्हता, कारण जो दिसतच नाही त्याच्या वतीने साक्ष देणे कोणत्याही संस्थेसमोर अशक्य असते. मातीच्या पट्टीवरचा तीन बोटांचा ठसा येथे पुरावा म्हणून उभा राहिला.

2013 मध्ये या इतिहासात दूरवरून एक भर पडली. स्कॉटलंडमधील अॅबर्डीन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात जेर्डनच्या धाविकाचे म्हणून ठेवलेले एक अंडे अॅलन नॉक्स यांच्या लक्षात आले, आणि संग्रहालयातील जुन्या नमुन्याच्या डीएनएशी तुलना करून त्याची ओळख पक्की झाली. हे या जातीचे जगातील एकमेव ज्ञात अंडे आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या भागात काम करणाऱ्या अर्नेस्ट मीटन या पशुवैद्याने ते 1917च्या सुमारास गोळा केले होते. अर्थात 1900 नंतर पक्षी नाहीसा झाला ही समजूत ज्या वर्षांत रूढ होत होती, त्याच वर्षांत तो कर्नाटकातील कोलारकडे अंडी घालत होता आणि त्याचा पुरावा एका पेटीत पडून राहिला होता. पक्ष्याचा पूर्वीचा प्रदेश नंतर मानला गेला त्याहून मोठा होता, हे यावरून निर्विवाद ठरते.

2008-09 नंतर मात्र खात्रीच्या नोंदी पुन्हा थांबल्या. याची कारणे एकाच ठिकाणी शोधता येणार नाहीत. अधिवास कमी झाला, उरलेल्या रानाची रचना बदलली, आणि शोधही पूर्वीच्या जोमाने झाला नाही. लंकमल्ला आणि शेषाचलमच्या डोंगरांत रक्तचंदन वाढते, त्याची तस्करी रात्री चालते, त्यामुळे अंधार पडल्यावर रानात वावरायला परवानगी मिळणे संशोधकांनाही कठीण झाले; रात्रीच सापडणाऱ्या पक्ष्याच्या शोधात याहून मोठी अडचण असू शकत नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या सर्वांत जवळच्या पायरीवर, आणि तिची संख्या 50 ते 249 या दरम्यान असावी असा अंदाज दिला जात असे. ऑगस्ट 2025 मध्ये पक्षीनिरीक्षकांच्या एका लहान गटाला आंध्र प्रदेशातील झुडपी रानात रात्री या पक्ष्याची हाक ऐकू आली आणि ती ध्वनिमुद्रित झाली. पक्षी त्यांना दिसला नाही. परंतु त्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून ते ध्वनिमुद्रण पुरेसे आहे.

पक्षी अजून आहे हे कळल्यावर, आणि त्याचा पूर्वीचा प्रदेश मोठा होता हे लक्षात घेता, शोध कडप्पापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण उरत नाही. ब्लॅनफर्डच्या नोंदीनंतर सिरोंचा भागात या पक्ष्याचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि प्राणहिता-गोदावरीच्या काठचे खडकाळ झुडपी रान मधल्या काळात पुष्कळ बदलले आहे. तरीही दिवसाच्या पाहणीवरून तेथे हा पक्षी नाही असे ठरवणे म्हणजे जुनी चूक पुन्हा करणे होय. दक्षिण गडचिरोलीत राहणाऱ्या किंवा तेथे काम करणाऱ्या वाचकांनी, वनरक्षकांनी आणि शिक्षकांनी सूर्यास्तानंतरचा पहिला तास अशा विरळ झुडपी रानाच्या कडेला कान देऊन घालवावा, अनोळखी दोनस्वरी हाक ऐकू आल्यास ती भ्रमणध्वनीवर मुद्रित करावी, तिला उत्तर मिळावे म्हणून ध्वनिफीत पुन्हा पुन्हा वाजवू नये, आणि ठिकाण-वेळेसह ती नोंद वनविभागाकडे द्यावी. परिसरातील गुराख्यांना आणि रात्री शेतराखणीला जाणाऱ्यांना पक्ष्याचे चित्र दाखवून आधी विचारावे. 1986 मध्ये उत्तर तेथूनच मिळाले होते.